गुरुवारचं कोर्ट

वकिलांच्या चहाच्या खोलीत न्यायाधीशबाईंना ‘एरंडेल’ म्हणत. चवीला भयंकर, पण गुण हमखास. हे नाव बाईंच्या कानावर कधीच गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी एकच शिस्त पाळली होती. मान खाली, निकाल सरळ, पुढचं प्रकरण. समोरचा ढसाढसा रडला तरी बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे.

म्हणून मुख्य न्यायाधीशांनी त्यांना बोलावून “दर गुरुवारी एक वेगळं कोर्ट चालवायचंय, ते तुम्ही घ्या,” असं सांगितलं, तेव्हा बाई जरा सावधच झाल्या.

“वेगळं म्हणजे?”

“नशेपायी चोऱ्या करून पुन्हापुन्हा आत येणारे लोक असतात ना, त्यांना तुरुंगाऐवजी उपचार. पण कोर्टाच्या देखरेखीखाली. डॉक्टर, समुपदेशक, दोन्हीकडचे वकील असे सगळे एका टेबलाशी बसतात. आणि आरोपी दर आठवड्याला न्यायाधीशांना तोंड दाखवतो.”

“आणि न्यायाधीशांनी काय करायचं?”

“बोलायचं त्याच्याशी.” मुख्य न्यायाधीश खाकरले. “आणि प्रसंगी… टाळ्या वाजवायच्या.”

बाईंना वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण मुख्य न्यायाधीश थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हते.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्यापुढे सगळा राग ओतला. नवरा निवृत्त भूगोलमास्तर. मधुमेहानं गोड सुटलं होतं, पण जीभ अजून गोडच होती.

“अहो, चोरांना टाळ्या! उद्या दरोडेखोरांना हार घालायला सांगतील.”

“मी शाळेत दोन्ही करून पाहिलंय,” मास्तर म्हणाले. “छडी आणि शाबासकी. छडीनं मुलं गप्प बसायची. नद्या मात्र शाबासकीनंच पाठ व्हायच्या.”

“माझ्यापुढे नद्या पाठ करायला कुणी येत नाही.”

प्रशिक्षणालाही त्या गेल्या. एक उत्साही बाई पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होत्या की शिक्षा मोठी असण्यापेक्षा ती लगेच आणि नक्की होणं महत्त्वाचं. आणि एकदा रागावलात तर चारदा कौतुक करा. आपल्या बाई शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. आजवर आपण किती कौतुक केलं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. शिपायाला एकदा ‘चहा बरा आहे’ म्हटल्याचं आठवलं. तेवढंच.

पहिल्याच गुरुवारी समोर उभा राहिला तो लिफ्ट मेकॅनिक.

बाईंनी त्याला ओळखलं. त्यानंही बाईंना ओळखलं, आणि लग्नात दूरचा नातेवाईक भेटावा तसा तो हसला. “नमस्कार मॅडम. आपली जुनी ओळख.” दोनदा बाईंनीच त्याला आत धाडलं होतं. दोन्ही वेळा तो शिक्षा भोगून बाहेर पडला होता, आणि दोन्ही वेळा पावडरच्या अड्ड्यावर घरी जाण्याआधीच पोचला होता. म्हणजे बाईंचे दोन्ही निकाल पालथ्या घड्यावर पाणी.

या वेळची त्याची चोरी सरकारी वकिलांनी वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. एका उंच इमारतीत दोन लिफ्ट होत्या. कधीकाळी यानंच त्या बसवल्या होत्या. त्यातली एक बंद होती. गडी वरच्या यंत्राच्या खोलीत शिरला, बंद लिफ्टची तांब्याची केबल कापली, वेटोळं खांद्यावर टाकलं आणि चालू लिफ्टनं खाली निघाला. पण नशेची वेळ टळून गेलेली, हात थरथरत होते. कापताकापता चालू लिफ्टचीही एक वायर सैल झाली होती. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. घंटा वाजवण्यावाचून इलाज नव्हता. रखवालदार आला, पाठोपाठ पोलीस आले. याला तेव्हा इतका घाम सुटला होता, की आतूनच ओरडून यानं त्यांना दार कसं उघडायचं ते समजावून सांगितलं. स्वतःच्या अटकेला इतकी मदत केलेला आरोपी पोलिसांनीही पाहिला नव्हता.

“तुमच्यापुढे दोन वाटा आहेत,” बाई म्हणाल्या. “तुरुंग, नाहीतर हे गुरुवारचं कोर्ट. इथे दर आठवड्याला यायचं. डॉक्टरांचं औषध, समुपदेशकांच्या बैठका, लघवीची तपासणी, आणि काहीतरी काम. दीड-दोन वर्षं तरी लागतील. काय म्हणता?”

मेकॅनिकनं प्रामाणिकपणे विचार केला. “खरं सांगू मॅडम? तुरुंग सोपा आहे. तिथे नुसतं पडून राहायचं असतं. हे तर सगळं आपणच करायचंय.”

“तुम्ही ह्याला काय विचारताय बाई!” मागून खणखणीत आवाज आला. तिथे एक ठेंगणी म्हातारी छत्री टेकून उभी राहिली होती. “तो इथेच येणार. लिहून घ्या.”

“आपण कोण?”

“मावशी ह्याची. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, मीच वाढवला. कोपऱ्यावर लाँड्री आहे माझी. लोकांच्या कपड्यांवरचे नाही नाही ते डाग काढले मी. ह्याचा एकच डाग राहिलाय.”

शिपाई ‘शांत राहा’ म्हणायला पुढे सरसावला. पण बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

झालं. मेकॅनिक गुरुवारच्या कोर्टात भरती झाला.

डॉक्टर एक तरुण बाई होती. बोलायला फटकळ, कामाला चोख. तिनं मेकॅनिकला रोज जिभेखाली ठेवायची एक गोळी सुरू केली. चार दिवसांत त्याचं अंग दुखणं, नाक वाहणं, रात्रभर कूस बदलणं थांबलं. “डोक्यात एक कुत्रं सतत भुंकत असायचं,” त्यानं समुपदेशकांना सांगितलं, “ते निजलंय. मेलं नाही, पण निजलंय.”

समुपदेशक गलेलठ्ठ, संथ माणूस. त्यांनी मेकॅनिकला एक कागद दिला आणि घरापासून बाजारापर्यंतचा त्याचा रोजचा रस्ता काढायला लावला. मग कुठे पाय जड होतात, कुठे तोंडाला पाणी सुटतं, तिथे फुली मारायला सांगितली. नकाशा फुल्यांनी भरून गेला. अड्डा म्हणजे पुलाखालची गल्ली, ती होतीच. पण आश्चर्य म्हणजे बसथांब्याजवळचं औषधांचं दुकानही होतं, आणि एक साधा निळा दरवाजाही. “त्या दरवाजाला टेकून वाट बघायचो ना,” तो म्हणाला. दोघांनी मिळून नवा रस्ता काढला. लांबचा, शाळेच्या मागून जाणारा. मावशी कुरकुरली, “पाव आणायला गेला की परदेशी गेल्यासारखा उशिरा येतो.” पण येत होता.

कोर्टातही नवं काहीतरी घडत होतं. तपासणी स्वच्छ आली की काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढायची, अशी पद्धत डॉक्टरीणबाईंनी घातली होती. कुठल्या चिठ्ठीवर साबण, कुठल्यावर सिनेमाचं तिकीट, पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसतंच ‘शाब्बास’. न्यायाधीशबाईंना पहिल्यांदा हा पोरखेळ वाटला. मग त्यांनी पाहिलं, की तीन मुलांचा बाप असलेला एक ट्रकवाला चिठ्ठी उलगडताना श्वास रोखून धरतो, आणि ‘शाब्बास’ निघालं तरी ती चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवतो. या माणसाला यापूर्वी ‘शाब्बास’ कुणी आणि कधी म्हटलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

मेकॅनिकचा महिना स्वच्छ गेला, त्या दिवशी टाळ्यांची वेळ आली. बाईंनी दोन्ही हात वर आणले आणि एकदाच वाजवले, डास मारल्यासारखे. कोर्ट क्षणभर गोंधळलं. मग मावशीनं छत्री काखोटीला मारून टाळ्या सुरू केल्या, समुपदेशक सामील झाले, सरकारी वकिलांनीही नाइलाजानं तीन-चार वाजवल्या. मावशी थांबेचना. शेवटी बाईंनाच “पुरे आता” म्हणावं लागलं. मेकॅनिक खाली बघत होता. त्याचे कान लालभडक झाले होते.

सगळंच काही सरळ चाललं नाही. एकदा त्यानं बैठक बुडवली आणि बसचं चाक पंक्चर झालं अशी थाप मारली. बाईंनी त्याला दिवसभर कोर्टातल्या बाकावर बसवून ठेवलं.

“मॅडम, बैठक बुडवल्याबद्दल एवढं?”

“बैठकीबद्दल सकाळ. पंक्चरबद्दल संध्याकाळ. इथे घसरलात तर मदत आहे. खोटं बोललात तर बाक आहे.”

संध्याकाळपर्यंत त्यानं इतरांची इतकी प्रकरणं ऐकली, की जाताना म्हणाला, “मॅडम, तो ट्रकवाला आहे ना, तो मनानं चांगला आहे. त्याला जास्त बोलू नका.” बाईंना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

असे सहाएक महिने गेले. मेकॅनिकच्या गालांवर मांस चढलं. लाँड्रीतलं जुनं धुलाईयंत्र त्यानं दुरुस्त केलं, तेव्हापासून मावशी त्या यंत्राशीही प्रेमानं बोलू लागली. बाई घरी मास्तरांना गुरुवारच्या गोष्टी रंगवून सांगू लागल्या होत्या, इतक्या, की मास्तर शुक्रवारीच विचारत, “पुढचा गुरुवार कधी?”

आणि नेमकी इथेच माशी शिंकली.

मेकॅनिकला उपचाराच्या पुढच्या टप्प्यात न्यायचं ठरलं. त्या गुरुवारी डॉक्टरीणबाई रजेवर होती. कागद चाळताना बाईंची नजर त्या गोळीवर अडली. आपला माणूस आता बरा झाला, मग ही कुबडी कशाला? सरकारी वकीलही म्हणाले, “एक नशा सोडवून दुसरी लावल्यासारखंच आहे हे, मॅडम.” बाईंना ते मनापासून पटलं. स्वच्छ म्हणजे स्वच्छ. त्यात गोळी कशी बसणार?

“ही गोळी आता हळूहळू कमी करून महिन्याभरात बंद करायची,” त्या म्हणाल्या. “जमेल ना?”

मेकॅनिकनं त्यांच्याकडे पाहिलं. बाई पहिल्यांदाच उघडउघड हसत होत्या.

“हो मॅडम,” तो म्हणाला. “जमेल की.”

टाळ्या झाल्या. या वेळी बाईंनीही बऱ्यापैकी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“मॅडम, हा आदेश मागे घ्या. ती गोळी नशा देत नाही. ती नशेची जागा अडवून धरते, म्हणून बाकीच्या गोष्टी आत शिरतात. समुपदेशन, काम, झोप, सगळं. ती काढलीत तर जागा पुन्हा रिकामी.”

“मग काय आयुष्यभर गोळी घ्यायची त्यानं?”

“लागली तर आयुष्यभर. ते मी आणि तो मिळून ठरवू. कोर्टानं नाही ठरवायचं.”

बाईंच्या आवाजातलं एरंडेल जागं झालं. “डॉक्टर, आदेश झालेला आहे. आणि तो स्वतः हो म्हणालाय.”

“तो तुमच्यासमोर उभा होता. तुम्हाला नाही कोण म्हणेल?”

बाईंनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांना उगाचच चिडचिडल्यासारखं वाटत राहिलं. मग कामाच्या धबडग्यात ते विरून गेलं. मेकॅनिक पुढचे तीन-चार गुरुवार वेळेवर आला. तब्येत कशी आहे विचारलं, की “एकदम मस्त” म्हणायचा. जरा जास्तच जोरात म्हणायचा. बाईंच्या ते लक्षात आलं नाही.

मग एका गुरुवारी त्याचं नाव पुकारलं आणि मावशी एकटीच पुढे आली. आज छत्री नव्हती. हात रिकामे असल्यामुळे ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.

“तो इस्पितळात आहे, बाई. जिवंत आहे.”

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“परवा दुपारी इस्त्रीच्या खोलीत मी कपडे ठेवायला गेले, तर हा गठ्ठ्यांवर पडलेला. ओठ निळे. श्वास घेतोय की नाही, तेच कळेना. मी आधी एक थोबाडीत मारली, रागानं नव्हे, उठावा म्हणून. उठला नाही. मग आठवलं, समुपदेशकसाहेबांनी मला, नशा जास्त होऊन श्वास अडकला तर नाकात मारायचा फवारा दिला होता आणि दोनदा शिकवलाही होता. तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, असलं अभद्र माझ्या घरात कशाला? तो फवारा मी कपाटात साबणाच्या मागे टाकून दिला होता.” मावशीनं पदर खोचला. “सापडला. मारला. थोड्या वेळानं ह्यानं डोळे उघडले आणि मला म्हणतो कसा, मावशी, माझी झोप का मोडलीस? तेव्हा मात्र मी दुसरी थोबाडीत दिली. ती रागानं.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मावशीही हसत होती, डोळे पुसतपुसत.

“गोळी बंद झाल्यापासून तो झोपलाच नव्हता, बाई. मी म्हटलं, जाऊन सांग. तर म्हणायचा, मॅडम किती खूश होत्या त्या दिवशी, त्यांना काय सांगू?”

न्यायाधीशबाईंनी कामकाज थोडा वेळ थांबवलं. आपल्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत न बसता खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली वाहनतळावर कुणीतरी गाडी मागे घ्यायचा प्रयत्न करत होतं आणि दुसरा कुणीतरी हातवारे करून चुकीची दिशा दाखवत होता.

त्या दिवशी त्या घरी पोचल्या तेव्हा मास्तर जेवणाआधीचं इन्सुलीन टोचून घेत होते. सवयीचं काम. पोटाची चिमटी धरली, सुई टोचली, टोपण लावलं. इतकी वर्षं बाई ते रोज पाहत होत्या. आज पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “अहो, तुमचं हे कधी बंद होणार?”

“मी बंद झालो की,” मास्तर म्हणाले, आणि सूप वाढून घेऊ लागले.

बाई त्यांच्यासमोर बसल्या. मग त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं, एका दमात, स्वतःची बाजू न सावरता. मास्तर शेवटी एवढंच म्हणाले, “मी एका मुलाला दोन वर्षं चुकीची राजधानी शिकवली होती. चूक कळल्यावर वर्गात सांगितलं. मुलं हसली. पण त्यानंतर ती मला प्रश्न विचारायला लागली.”

पुढच्या गुरुवारी कोर्ट सुरू होण्यापूर्वी टेबलाशी बैठक झाली. सरकारी वकील तयारीनं आले होते. “तपासणीत पावडर आली आहे. नियम मोडला, तेव्हा तुरुंग. नाहीतर या कोर्टाचा धाक काय राहील?”

“आपल्या तुरुंगात ती गोळी मिळते का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “आणि सुटून आलेली माणसं पहिल्याच काही दिवसांत मरतात ती यामुळेच. अंगाची सवय गेलेली असते, हाताची गेलेली नसते. जुन्या मापानं घेतात आणि संपतात. याचंही तेच होत होतं.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “चला, आत जाऊ.”

मेकॅनिक उभा होता. गाल पुन्हा बसले होते. मावशीनं त्याच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री केली होती, की आत माणूस नसता तरी शर्ट उभा राहिला असता.

“आधी माझं,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “गोळी बंद करण्याचा आदेश मी दिला होता. तो चुकीचा होता. औषधाचं डॉक्टर ठरवतील, यापुढे या कोर्टात त्यावर आदेश होणार नाही. झालं त्याबद्दल मला वाईट वाटतं.”

टंकलेखकाची बोटं हवेतच थांबली. “मॅडम, हे… लिहायचं?”

“लिहायचं.”

“‘वाईट वाटतं’ हेसुद्धा?”

“ते आधी लिहा.”

मग त्या मेकॅनिककडे वळल्या. “आता तुमचं. पावडर घेतलीत त्याबद्दल शिक्षा नाही. उपचार वाढतील. गोळी कालच पुन्हा सुरू झालीय, बैठका आठवड्यातून दोनदा. पण झोप येत नाही, जीव कासावीस होतोय, हे तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही मला ‘एकदम मस्त’ सांगत होतात. ताकाला जाऊन भांडं लपवलंत. त्याबद्दल दोन दिवस बाक.”

“बरोबर आहे, मॅडम.” तो थोडा घुटमळला. “पण तुम्ही विचारलंत म्हणून मी हो म्हणालो.”

“आणि तुम्ही हो म्हणालात म्हणून मला बरं वाटलं. दोघांनीही एकमेकांना फसवलं. यापुढे मी विचारलं की खरं सांगायचं. मला राग आला तर येऊ द्या. माझा राग मला सांभाळता येतो.”

“खरं सांगू? आत्ता?”

“सांगा.”

“आत्ता मला पावडर हवीशी वाटतेय. इथे उभ्या उभ्या. आणि भीतीपण वाटतेय.”

आणि मग न्यायाधीशबाईंनी टाळ्या वाजवल्या, कुणाची वाट न बघता, मोकळ्या हातांनी. स्वच्छ तपासणीला नव्हे, एका वाक्याला. ट्रकवाला उठून उभा राहिला. सरकारी वकिलांनी फाईल खाली ठेवली आणि तेही वाजवू लागले.

त्यानंतर गाडी रुळावर आली ती हळूहळूच. मेकॅनिक आणखी एकदा घसरला, पण या वेळी सकाळी आठला समुपदेशकांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काल घेतली. कुणी पकडायच्या आत सांगतोय.” समुपदेशकांनी त्याला आत घेतलं आणि आपल्या नाश्त्यातलं अर्धं अंडं त्याच्यापुढे सरकवलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या मालकाची समुपदेशकांनी इतकी पाठ धरली, की शेवटी तो कंटाळून हो म्हणाला. अट एकच. पहिलं वर्ष सोबत एक जुना कारागीर राहील. तो जुना कारागीर महा बडबड्या निघाला. “नशा परवडली,” मेकॅनिक बाईंना म्हणाला, “पण ह्याच्या सासुरवाडीच्या गोष्टी नकोत.” बाई खळखळून हसल्या. खोकल्याचं सोंग कधीच सुटलं होतं.

सगळेच पार पडले असं नाही. केस कापण्याचं काम करणारी एक हसरी मुलगी होती. ती दोनदा पळाली, तिसऱ्यांदा तिनं चाकू दाखवून एकीला लुटलं, आणि बाईंना तिला तुरुंगात पाठवावं लागलं. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. पण या खेपेला त्यांनी तुरुंगाच्या अधीक्षकांना स्वतः फोन लावला. आतमध्ये गोळी सुरू करता येईल का, आणि ती सुटेल त्या दिवशी दारातच समुपदेशक हजर राहिले तर चालेल का? अधीक्षक म्हणाले, “असं कधी झालं नाही.” बाई म्हणाल्या, “मला दर आठवड्याला फोन करायची सवय आहे.” त्यांनी खरोखरच दर आठवड्याला केला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे त्या विसरल्या नव्हत्या. चार महिन्यांनी आत गोळी सुरू झाली.

मेकॅनिकचा शेवटचा गुरुवार आला तेव्हा कोर्ट भरून गेलं होतं. मास्तरही आले होते, मागच्या बाकावर, निवृत्त माणसाला काही काम नसतं असं सांगत. मालक आला होता. बडबड्या कारागीर आला होता आणि शेजारच्याशी बोलत होता. बाईंनी खटला निकाली निघाल्याचं सांगितलं. गोळी अजून चालू आहे, ती चालू राहील, आणि त्यात कमीपणा काही नाही, हेही त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, कारण समोर तीन नवे चेहरे बसले होते.

“काही बोलायचंय?” त्यांनी विचारलं.

मेकॅनिक उठला. त्यानं काहीतरी पाठ करून आणलं होतं, ते साफ विसरला. इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, “मॅडम, एक विचारू? दर गुरुवारी सकाळी उठलं की माझे पाय आपोआप इकडे वळतात. आता गुरुवारी मी कुठे जायचं?”

बाईंची इतकी वर्षं लोकांना कुठे जायचं ते सांगण्यात गेली होती, आज मात्र त्यांनी मावशीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघू लागली. समुपदेशकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“कुठे म्हणजे?” मावशी मागून म्हणाली. “तुझी सुट्टी असते ना गुरुवारी? दुकानात ये. हॉटेलातल्या चादरी येतात त्या दिवशी. एकटीनं घड्या घालताना माझे हात भरून येतात. दोन टोकं मी धरेन, दोन तू धर.”

सगळं कोर्ट हसलं. मेकॅनिकही हसला, आणि मान डोलावून म्हणाला, “येतो.”

मग मावशीनं त्याचा हात धरला, आणि दोघं दाराकडे निघाली.